मे महिन्यातली ओल

१

शेजारची गंगव्वा ताकाचा तांब्या घेऊन आली तेव्हा सिताबाई लोखंडी कपाटाला पाठ टेकून बसलेली दिसली. हातात ओलं फडकं होतं. डोळे उघडे होते.

"वहिनी," गंगव्वानं हाक मारली. उत्तर नाही. ती वाकून खांद्याला हात लावणार, तोच मागून आलेल्या तिच्या नवऱ्यानं, महांतेशनं, तिला दंडाला धरून मागं खेचलं. कपाटाखाली पाणी साचलेलं त्याला दिसलं होतं आणि खोलीत जळक्या वायरचा वास होता. तो आधी बाहेर धावला, मेन स्वीच पाडला, मगच आत येऊन त्यानं सिताबाईच्या नाकाशी हात धरला.

श्वास नव्हता.

तो दोन मेचा शुक्रवार होता. उमरगा तालुक्यातल्या नव्या चिंचखेडमध्ये दिवाळीनंतर पावसाचा थेंब पडला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, गावाला टँकर सुरू होता. आणि सिताबाईच्या कपाटामागची भिंत ओलीचिंब होती. गिलावा फुगून फोड आल्यासारखा झाला होता, पाणी ओघळून फरशीवर उतरलं होतं. ते पुसता पुसता तिचा हात कपाटाला लागला आणि कपाटात वीज उतरलेली होती. डॉक्टरांनीही तेच लिहिलं.

बातमी कळताच तिची थोरली मुलगी शिवकन्या उमरग्याहून आली. तिथल्या एका दवाखान्यात ती नर्स होती. धाकटा शिवराज धाराशिवला बँकेत कारकून होता. तो दुपारी पोचला. त्र्याण्णवच्या भूकंपात बाप आणि तान्हा भाऊ दगडी घराखाली गेले, तेव्हा शिवकन्या नऊ वर्षांची होती आणि शिवराज सहाचा. मायनं दोघांना माती उकरून बाहेर काढलं होतं. नंतर सरकारनं हे पुनर्वसनाचं घर दिलं, आणि सिताबाई तीस वर्षं या घरातून हलली नाही.

शिवकन्यानं ओली भिंत पाहिली. मग ती घराबाहेर पडून त्याच भिंतीच्या पलीकडं गेली. तिथं, दोन हातांवर, महांतेशचा पाण्यानं भरलेला सिमेंटचा हौद होता. फेब्रुवारीत याच हौदावरून मायचं आणि महांतेशचं भांडण झालेलं तिला माहीत होतं.

"ह्याच्या हौदानं माझी माय खाल्ली!" ती सगळ्या जमावासमोर ओरडली.

पुढं काय झालं ते कुणाला थांबवता आलं नाही. भावकीतल्या पोरांनी पहार आणून हौद फोडला. महांतेश मध्ये पडला, तर त्यालाही सोडलं नाही. कुणाची तरी वीट त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. त्याच दिवशी शिवकन्यानं पोलिसात त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून दिली.

२

पाचव्या दिवशी हवालदार बजरंग मोटारसायकलवर एका बाईला मागं बसवून घेऊन आला. साठीची, काळीसावळी, बोटं सिमेंटनं कायमची भेगाळलेली. बानूबाई तिचं नाव. लहानपणी मेंढरामागं हिंडलेली. भूकंपानंतर घरं बांधायला माणसं कमी पडली, तेव्हा बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यात ही शिकली. तेव्हापासून थापी तिच्या हातातून सुटली नाही. आसपासच्या दहा गावांत कुणाच्या भिंतीला ओल आली की तिलाच बोलावणं जायचं.

"साहेब म्हणतात, भिंत कशानं ओली झाली ते कळल्याबिगर महांतेशवर गुन्हा पक्का करता येत नाही," बजरंग शिवकन्याला म्हणाला. "सरकारी इंजिनियरला यायला महिना लागंल. तोवर मावशीला दाखवून घेऊ म्हणलं."

"त्यात दाखवायचं काय?" शिवकन्या म्हणाली. "हौद भिंतीजवळच होता. आंधळ्यालाही कळंल."

बानूबाईनं चपला दारात काढल्या. "पोरी, ह्या भिंतीला गिलावा म्या केलाय. पायात डांबराचा थर म्याच दिला. जर पायातनं वल आली आसंल तर तुझी माय माझ्या हातानं मेली. म्हनून मला बगायचंय."

कोपऱ्यात घोंगडीवर शिवराज बसला होता. पाच दिवसांत त्याची दाढी वाढली होती. 

वीज बंदच होती. बानूबाईनं खिडक्या उघडल्या, कपाट बजरंग आणि शिवकन्याकडून सरकवून घेतलं आणि भिंतीपुढं उकिडवी बसली. आधी तळाशी हात फिरवला. मग नखानं गिलावा खरवडून जिभेला लावला.

"खारट न्हाय," ती म्हणाली. "जमिनीतनं वर चढलेली वल आसली की लोना फुटतो. पांढरी पावडर धरती, गुडघ्याला, लई तर कमरंला सरळ रेघ दिसती. ही भित बग. पायथ्याला डाग हायती, पर ते वघळाचं. वरनं खाली आलेलं. पाया सुका हाय." तिनं सुस्कारा सोडला. "म्या सुटले."

मग ती उठली. खोलीच्या चारही कोपऱ्यांत वर बघितलं.

"तुज्या मायचं न्हानं-सैपाक ह्या खोलीत नव्हतं न्हवं?"

"न्हाई. स्वैपाक तिकडं. ह्या खोलीत फक्त झोपायची," शिवकन्या म्हणाली.

"मंजी वाफंचा घाम न्हाय. तसं आसतं तर कोपऱ्याला काळी बुरशी धरली आसती. आन् मे महिन्यात तापल्या भितीला घाम सुटत न्हाय." ती छताकडं बघत राहिली. "पाऊस न्हाय. स्लॅब बी कोरडा. एक डाग न्हाय वर."

"म्हणूनच म्हणते, हौद," शिवकन्या म्हणाली.

 ओलीचा डाग कुठून सुरू होतो ते बानूबाई बोटानं शोधत होती. बोट वर वर गेलं आणि छातीइतक्या उंचीवर थांबलं. तिथं विजेचा बोर्ड होता. बोर्डाभोवतीचा गिलावा सगळ्यात जास्त फुगला होता, आणि त्याच्यावर, छतापर्यंत, बोटभर रुंदीचा एक ओलसर पट्टा सरळ रेषेत गेला होता.



"जमादार," बानूबाई बजरंगला हळू म्हणाली, "ही वल जमिनीतनं आली न्हाय, आभाळातनं आली न्हाय. मला आता त्या हौदाकडं न्ये."

३

फुटक्या हौदाच्या तीन भिंती अजून उभ्या होत्या. आतून पाण्याची हिरवट रेघ स्पष्ट दिसत होती. बानूबाईनं तिथं हात धरला, मग सिताबाईच्या भिंतीला बाहेरून त्याच उंचीवर हात लावला. कमरेइतकं.

"पानी आपनहून चडत न्हाय. हौद भरून कडंला आला तरी कमरेच्या वर जात नव्हता. आन् आत वल छातीपासनं सुरू हुती." तिनं बाहेरची भिंत तळहातानं पुसली. हाताला कोरडी धूळ लागली. "भायेरनं पानी आत गेलं आसतं तर भायेर अशी धूळ आसती का?"

शिवकन्या तिच्या मागंच आली होती. तिनं आपल्या हातानं भिंत पुसून पाहिली. हाताला लागलेली धूळ ती बराच वेळ बघत राहिली.

महांतेश घरात खाटेवर पडला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी. गंगव्वानं दार उघडलं, पण शिवकन्याला बघताच ती दारातच आडवी उभी राहिली.

"तू भायेरच थांब," ती म्हणाली. "दोन डोळ्याचा माणूस होता माझा. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलंय, ह्यो डोळा गेला."

शिवकन्या उन्हात ओट्याखाली थांबली. आतलं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"भांडण कशाचं झालं हुतं, दादा?" बानूबाईनं विचारलं.

"भांडण कसलं वो? वहिनी म्हणल्या, तुझ्या हौदानं भिंत वली होतीय. मी म्हणलं, वहिनी, हौद माझा रोज भरलेला असतोय. मग भिंत रोज का वली नसतीय? कधी वली, कधी कोरडी. ज्या दिवशी वली होईल त्या दिवशी क्यालेंडरवर खूण करा. मग बघू." त्यानं डोळ्यावरची पट्टी सारखी केली. "करत होत्या खुणा. गेल्या महिन्यात मला म्हणल्या, महांतेश, तुझं खरं दिसतंय. ह्यात तुझं काई न्हाई."

"हे तू पोलिसाला सांगितलंस का?"

"मला कुणी विचारलंच न्हाई बघा. सगळी हाणतच होती."

बजरंगनं मान खाली घातली.

"आन् त्या घरावरच्या गच्चीवर कोन जातं?"

"वहिनीचं गुडघं गेलेलं, त्या कुठं चढणार? पोरं चांगली हायत हो त्यांची. पोरीनं जानेवारीत वर दिवा लावून घेतला, अंगणात उजेड पडावा म्हणून. आणि शिवराज तर लई करायचा. आला की गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघणार, झाडून काढणार. महाराष्ट्र दिनाला वहिनी लग्नाला गेलत्या उमरग्याला, तरीबी भर दुपारचा येऊन वर टाकी धुऊन गेला. आईशी भेटबी न्हाई झाली."

बाहेर उन्हात उभ्या शिवकन्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. शिवराजनं तिला सांगितलं होतं की तो सव्वीस एप्रिलनंतर गावाकडं आलाच नव्हता.

४

गच्चीवर उभं राहवत नव्हतं इतकी ती तापली होती. एका टोकाला प्लास्टिकची काळी टाकी, कठड्यावर लोखंडी नळीला लावलेला दिवा. आणि बरोबर त्या बोर्डाच्या डोक्यावर, स्लॅबमधून वर आलेली पांढऱ्या प्लास्टिकची नळी. तिचं तोंड आभाळाकडं उघडं होतं. दिव्याची वायर त्या तोंडातून आत गेली होती.

"हे कुणी बसवलं?" बानूबाईनं विचारलं.

"वीरप्पा वायरमननं," शिवकन्या म्हणाली. 

बजरंगनं फोन करून वीरप्पाला बोलावलं. तो शेजारच्याच गल्लीत राहणारा. दहा मिनिटांत आला, आणि नळीचं उघडं तोंड बघताच हबकला.

"देवाशपथ सांगतो, मी असं ठेवलं नव्हतं! चार वर्षांमागं टीव्हीच्या छत्रीसाठी ही नळी टाकली. वर वाकडा तुकडा बसवला होता, खाली तोंड करून. पाऊस आत जाऊ नये म्हणून. नंतर छत्री काढली, नळी तशीच रिकामी राहिली. जानेवारीत ताईंनी दिवा लावायला सांगितला. नवी नळी फोडायची म्हणजे भिंत तोडावी लागली असती. मी त्याच नळीतून वायर खाली बोर्डात उतरवली. तेव्हासुद्धा तो वाकडा तुकडा परत बसवला होता मी."

"नळीत जोड किती हायती?"

"एक. भिंतीत, बोर्डाच्या जरा वर. नळीत पाणी गेलं तर तिथूनच भिंतीत आणि बोर्डात उतरणार."

बानूबाई गुडघ्यावर बसली. नळीच्या कडेला करवतीची खूण शोधली, नव्हती. तुकडा कापलेला नव्हता, पिळून काढलेला होता. कठड्याच्या कोपऱ्यात, वाळक्या पानांखाली तो सापडलाही. ती टाकीजवळ गेली. टाकीच्या झाकणावर बोटभर धूळ साचलेली होती. ही टाकी कित्येक महिन्यांत कुणी धुतली नव्हती.

"आता खुणा बगू," ती म्हणाली.

खाली खोलीत दाराजवळ खिळ्याला कॅलेंडर होतं. शिवकन्यानं ते रोज पाहिलं होतं. त्यावरच्या फुल्या दुधाच्या खाड्याच्या असतील असं तिला वाटलं होतं. बानूबाईनं पानं मागं उलटली.

"मला अक्षर वाचता येत न्हाय, आकडं येतात. गवंड्याला आकडं लागतात." तिनं फुल्यांवर बोट ठेवत मोजलं. "फेब्रुवारी, नऊ आन् तेवीस. मार्च, नऊ आन् तेवीस. एप्रिल, तेरा आन् सत्तावीस. समदे आइतवार. गिलाव्यातनं वल फुटाया एक रात जाती. मंजी पानी शनवारी सुटलेलं, आइतवारी भितीवर दिसलं. चौदा दिवस, चौदा दिवस, चौदा दिवस. मग एकवीस. मग पुन्यांदा चौदा."

"पंधरवड्यानं येणारं काय असतं?" बजरंग म्हणाला. "टँकर दर रविवारी येतो. बाजार दर आठवड्याला."

"टँकर न्हाय, बाजार न्हाय. आन् मार्चात एकदा तीन आठवडं का गेलं?" ती मार्चच्या पानावर बोट आपटत राहिली. "ह्या म्हैन्यात शनवार किती हायती मोज."

बजरंगनं मोजलं. "पाच." एवढं म्हणून तो थांबला.  गेल्याच महिन्यात पगाराच्या कामासाठी तो उमरग्याच्या बँकेत गेला होता आणि कुलूप बघून परत आला होता. "मावशी... महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार. त्या दिवशी बँका बंद असतात. पाच शनिवार आले की पुढची सुट्टी तीन आठवड्यांनी येते."

"आन् एक मेला?"

"महाराष्ट्र दिन. त्या दिवशीही बंद."

शिवकन्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कोपऱ्यात घोंगडीवर बसलेला तिचा भाऊ, बँकेतला शिवराज, हे सगळं ऐकत होता. तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं.

तो उठून उभा राहिला होता.

५

"तू म्हणलास सव्वीसनंतर आला नव्हतास," शिवकन्या म्हणाली.

शिवराजनं पायानं घोंगडी बाजूला सारली.

"शिवा. तू एक तारखेला आला होतास का?"

"आलो होतो, आक्का."

बानूबाई खाली बसली. बजरंगनं वही काढली नाही. वीरप्पा दारातून मागच्या मागं निघून गेला.

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती मोरीत पडली होती, आठवतं?" शिवराज भिंतीकडं बघत बोलत होता. "दुपारी पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गंगव्वाकाकूला दिसली. अठरा तास, आक्का. ओरडून ओरडून आवाज बसला होता तिचा. मला त्यानंतर झोप न्हाई. फोन एकदा उचलला न्हाई की हातपाय गळायचे. दर वेळी तिला म्हणायचो, चल माझ्याकडं. राजेश्वरीनं तिच्यासाठी खोली लावून ठेवली होती. पण ती म्हणायची, तुमच्या त्या तीन मजली बिल्डिंगीत मी झोपणार न्हाई. ह्या भिंतीत लोखंड आहे. ही भिंत पडत न्हाई. मी इथंच मरणार."

"मग?"

"मग मला वाटलं, तिचा भरवसा आपल्यावर न्हाई, भिंतीवर आहे. भिंतच नासली तर येईल." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "ती नळी छत्रीची, रिकामी, एवढंच मला माहीत होतं. दर वेळी गच्चीवर गेलो की तांब्याभर पाणी सोडायचो. दुसऱ्या दिवशी ती फोनवर सांगायची, भिंत पुन्हा ओली झाली रे. मी म्हणायचो, सोड ते घर. ती म्हणायची, वाळंल. दर वेळी वाळंल. शेवटी एक तारखेला, ती घरी न्हाई बघून, मी आख्खी बादली ओतली."

"नळीतून वायर गेलेली दिसली न्हाई तुला?"

"दिसली. मला वाटलं छत्रीचीच जुनी वायर राहिलीय. दिव्याची वायर बाहेरून आणली असंल असं वाटलं. मी विचारलं न्हाई. आक्का, मी कुणाला विचारणार होतो?"

शिवकन्या उंबऱ्यावर बसली. दिवा तिनं लावला होता. माय पडल्यावर, अंधारात पुन्हा पाय घसरू नये म्हणून. भिंत फोडायला नको, जुन्या नळीतूनच वायर घाल, असं वीरप्पाला तिनंच सांगितलं होतं. दवाखान्यात ड्यूटीवर असताना, फोनवर, एका मिनिटात. भावानं पाणी सोडलं त्या नळीत वीज तिनं सोडली होती. दोघांपैकी एकानं मायची काळजी केली नसती, तर माय आज जिवंत असती.

तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही. पण बानूबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि ओळखलं.

"तुजं आन् ह्याचं एक न्हाय," ती म्हणाली. "तुला ठावं नव्हतं. ह्याला बी विजंचं ठावं नव्हतं, ते म्या मानते. वल मंजी निस्ती भित खराब, आसं समद्यांनाच वाटतं." मग ती शिवराजकडं वळली. "पर पोरा, दोन तारखंला ही भित बगितल्यावर तुला कळलं. कळलं न्हवं?"

"कळलं."

"आन् भायेर महांतेशला हानत हुते तवा तू कुठं हुतास?"

 "ओट्यावर," तो म्हणाला. "मी बघत होतो. तोंड उघडलं की सगळ्यांना कळंल, मीच मारलं मायला. मी म्हणलं, उद्या सांगू. मग परवा सांगू."

"माय गेली ती चूक हाय," बानूबाई म्हणाली. "त्या मानसाचा डोळा गेला ती चूक न्हाय. ते तू केलंस."

शिवराज भावकीतल्या कुणाला तरी हाक मारेल, आरडाओरडा करेल, पळून जाईल, असं वाटून बजरंग दारात सरकला होता. तसं काही झालं नाही. शिवराजनं चपला घातल्या. मग तो बहिणीपुढं उभा राहिला, लहानपणी मार खायला उभा राहायचा तसा.

"आक्का, दहावा झाल्यावर जाऊ का? पिंड तरी..."

शिवकन्या उठली. 

"न्हाई," ती म्हणाली. "आत्ता."

६

उमरग्याच्या ठाण्यात दोघांचे जबाब झाले. शिवकन्यानं महांतेशविरुद्धची तक्रार मागं घेतली. दिव्याची वायर आपण टाकायला लावली हेही तिनं लिहायला सांगितलं. लिहिणाऱ्यानं दोनदा विचारलं, हे लिहायलाच पाहिजे का, तेव्हा ती हो म्हणाली. शिवराजवर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. बँकेनं त्याला निलंबित केलं. तीन आठवड्यांनी त्याला जामीन मिळाला. मायचा दहावा भावकीतल्या एका चुलत्यानं केला.

महांतेशला मारणाऱ्या पोरांवरही गुन्हा झाला, पण हौदावर पहार कुणी मारली आणि डोळ्यावर वीट कुणी, हे सांगायला गावात एकही साक्षीदार पुढं आला नाही. शिवकन्या दोनदा त्याच्या दारात गेली. पहिल्यांदा गंगव्वानं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा महांतेश स्वतः ओट्यावर बसलेला होता. तिनं त्याचे पाय धरले.

"ऊठ," तो म्हणाला. "वहिनी असत्या तर तुला मारल्या असत्या. मी मारत न्हाई. पण परत येऊ नको, पोरी. तुला बघितलं की मला तो दिवस दिसतोय."

ती परत गेली नाही.

त्या घरात मग कुणी राहिलं नाही. पावसाळ्याआधी बानूबाईनं नळी वरून सिमेंटनं बुजवली आणि फुगलेला गिलावा पाडला. पैसे तिनं घेतले नाहीत. आतली विटेची भिंत आठ दिवसांत खडखडीत वाळली. ती पाडायची वेळ आली असती तरी, बानूबाई बजरंगला म्हणाली, चार माणसांना दोन दिवस लागले असते, इतकी मजबूत होती.

खटला उमरग्याच्या कोर्टात लागला. दर तारखेला शिवराज धाराशिवहून एसटीनं येतो आणि शिवकन्या दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून येते. व्हरांड्यात एकच बाक आहे. दोघं त्याच्या दोन टोकांना बसतात. पहिले आठ महिने ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याच्या वकिलाशी बोलायची, त्याच्या बायकोशी, राजेश्वरीशी, बोलायची. त्याच्याकडं बघायची नाही.

जानेवारीतल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. कारकुनानं पुढची तारीख सांगितली आणि व्हरांडा रिकामा झाला. शिवराज उठला नाही.

"आक्का," तो म्हणाला, "तू माझ्याशी कधीच बोलणार न्हाईस का?"

शिवकन्यानं पिशवी उचलली, खांद्याला अडकवली. कोर्टाच्या फाटकाबाहेर हैदराबादकडं जाणारे ट्रक एकामागं एक धडधडत होते. ती काही पावलं गेली आणि थांबली.

"बोलंन," ती त्याच्याकडं पाठ करूनच म्हणाली. "आज न्हाई."

आणि ती दवाखान्याकडं चालू लागली. तिची दुपारची पाळी होती.